बोटांना कापूस कळेना

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले. कापसाच्या बोळ्याची बारीक वात ओढून ते ती माझ्या उजव्या हाताच्या बोटांवरून फिरवू लागले. "लागलं की हो म्हणा." करंगळीला लागलं, तिच्या शेजारच्या बोटाला लागलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं डॉक्टर थांबले, म्हणून डोळे उघडले. वात माझ्या अंगठ्यावर टेकलेली होती.

माझं काम सांगितल्याशिवाय तुम्हाला माझी तेव्हाची हालत कळायची नाही. मी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर आहे. गाडीतला कापूस हातात घेऊन त्याची प्रत ठरवायची, हे मी सत्तावीस वर्षं करतोय. चिमूटभर कापूस दोन्ही हातांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत धरून ओढला की धागा लांब आहे की आखूड ते कळतं. ओलाव्यासाठी मशीन आलं आहे, पण मशीनचा आकडा पाहून झाला की मालक माझ्याच तोंडाकडे पाहतात. आणि त्या दिवशी मला अंगठ्यावर ठेवलेला कापूस कळला नाही.

एमआरआयची फिल्म उजेडाला धरून डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, सर्व्हायकल रॅडिक्युलोपथी. मानेच्या दोन मणक्यांमधली गादी सरकते आणि तिथून हाताकडे निघालेली नस दाबली जाते. दुखणं हातात असतं, पण बिघाड मानेत. "गोळ्या आणि फिजिओथेरपी, तीन महिने. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पण हातातली ताकद कमी व्हायला लागली तर लगेच या," ते म्हणाले. बोटं परत येतील का, असं मी विचारलं. "सांगता येत नाही," असं त्यांनी सरळ सांगितलं.

पोळा नुकताच झाला होता. दिवाळीच्या आसपास कापूस यायला लागतो. म्हणजे माझ्याजवळ दोन महिने होते. बोटं आली नाहीत तर जिनिंगमध्ये माझं काय काम, हा एकच विचार डोक्यात होता.

दुखणं खांद्याच्या मागून सुरू व्हायचं आणि अंगठ्यापर्यंत उतरायचं. तापलेली तार आतून ओढावी तसं. हात डोक्यावर ठेवला की जरा हलकं वाटायचं, म्हणून मी घरात, दारात, सगळीकडे डोक्यावर हात ठेवून उभा असायचो. बघणाऱ्याला वाटावं, घरात कोणी गेलं की काय. नसेच्या गोळीने दुखणं थोडं बोथट व्हायचं, पण झापड यायची.

फिजिओथेरपीच्या बाकावर बसलेल्या एका गुरुजींनी मला वर्ध्याच्या डॉक्टर बाईंचं सांगितलं. या बाई दुखण्यावरच्या उपचारांचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टर. आठवड्यातून दोन दिवस ॲक्युपंक्चर करतात, म्हणजे अंगात ठराविक जागी केसासारख्या बारीक सुया टोचून दुखणं कमी करायची चीनची पद्धत. माझा अर्थातच विश्वास बसला नाही. सुईला औषध नाही, आत काही जात नाही, बाहेर काही येत नाही, मग बरं कशाने होतं? माझी बायको शोभा म्हणाली, "पाहून तं या. नाई पटलं तं नका जाऊ." मी गेलो, पण पारखायला गेलो.

बाईंनी माझा एमआरआय वाचला, हाताची ताकद तपासली आणि म्हणाल्या, "दबलेली नस मी मोकळी करू शकत नाही. दुखणं थोडं कमी होतं का, ते बघू. आठ वेळा या. फरक पडला नाही तर मीच बंद करा म्हणेन. व्यायाम आणि डॉक्टरांच्या गोळ्या सोडायच्या नाहीत." आपल्याच मालाला नावं ठेवणारा माणूस मी बाजारात फार पाहिलेला नाही. जे दोन-चार पाहिले, त्यातले निम्मे सगळ्यात पक्के लबाड निघाले. त्यामुळे बाईंवरचा माझा संशय वाढला.

सुयांचं पाकीट मी माझ्यासमोर फोडायला लावलं. टोचल्या तेव्हा मोजल्या, काढल्या तेव्हा मोजल्या. दुसऱ्या वेळी अकरा गेल्या आणि दहा निघाल्या. मी तसं मोठ्याने सांगितलं. अकरावी माझ्या मानेत, मला न दिसणाऱ्या जागी होती आणि बाई ती काढायलाच वळल्या होत्या. सोबत आलेली शोभा भिंतीकडे तोंड करून हसली. पुढच्या वेळेपासून मानेच्या सुया मोजायचं काम मी तिला दिलं.

अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात एक जागा आहे. तिथे सुई नीट बसली की आत जड, दुखरं काहीतरी पसरतं. चिनी लोक त्याला 'दे ची' म्हणतात. ते आलं की सांगायचं होतं. तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम खोटं बोललो. काही झालेलं नसताना म्हणालो, "आलं."

बाईंची दोन बोटं सुईवरच होती. "नाही आलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "आलं की आतून सुई धरल्यासारखी होते. ती मला कळते. आत्ता सैल आहे."

सत्तावीस वर्षं मी लोकांना असंच पकडत आलो होतो आणि आज माझी गाडी पकडली गेली. खरं सांगायचं तर बाईंबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. पण आदर वाटणं आणि विश्वास बसणं, या माझ्यासाठी दोन गोष्टी आहेत.

पाच खेपा झाल्या. बाई दर वेळी दुखण्याला दहापैकी आकडा द्यायला सांगायच्या, तो आठवरून सहावर आला असेल. बोटं मात्र तशीच. दिवाळी तोंडावर आली होती आणि जिनिंगच्या यंत्रांना तेलपाणी सुरू झालं होतं. मला घाई होती.

तेवढ्यात शोभाचा भाऊ विलास वडनेरहून आला. एका मंगल कार्यालयात दर आठवड्याला चिनी औषधांचं शिबिर भरायला लागलं होतं, तिथून त्याने माझ्यासाठी काळ्या बारीक गोळ्यांची बाटली आणली होती. बाटलीवर चिनी अक्षरं. "भाऊजी, पंधरा रोज खाऊन तं पाहा. निव्वळ जडीबुटी हाय, केमिकल नाई त्याच्यात."

आता माझी अक्कल पाहा. गोळी मी तळहातावर घेतली. वास घेतला, मुळ्यांचा आला. दाताखाली धरली, कडू लागली. चिमटीत चुरून पाहिली. सुईत पारखायला काही नव्हतं, ही तर वस्तू होती, हातात येणारी. मला माल पटला. ज्या बोटांना कापूस कळत नव्हता, त्याच बोटांनी मी औषध पारखलं आणि घरात कोणाला ते विचित्र वाटलं नाही, मलाही नाही.

तिसऱ्या दिवशी दुखणं गेलं. मी हात डोक्यावरून काढला तो काढलाच. भूक लागायला लागली, अंगात जोर आला. डॉक्टरांच्या गोळ्या बंद, व्यायाम बंद, बाईंच्या सुयाही बंद. कापूस सुरू झाला तेव्हा मी गाडीवर उभा होतो. डाव्या हाताने धागा पाहायचो, उजवा नुसता सोबतीला. बाटली संपली की विलास दुसरी आणून द्यायचा.

सात आठवड्यांनी शोभा म्हणाली, "अवो, तोंड पाह्यलं का आरशात? काऊन असं सुजून राह्यलं?" मी म्हटलं, तब्येत सुधारली. तिने माझं काही ऐकलं नाही आणि मला बाईंकडे नेलं.

दारातून आत येतानाच बाईंनी माझा चेहरा पाहिला. "काय घेताय?" म्हणाल्या. मी मोठ्या तोऱ्यात बाटली पुढे ठेवली. त्यांनी तिथेच बोटातून रक्त घेऊन साखर पाहिली. मला कधी नव्हती ती साखर वाढलेली होती. "देवानंदजी, यात काय आहे ते मला सांगता येणार नाही. मी सुया शिकले, चिनी औषधं शिकलेली नाही. पण इतक्या लवकर आराम, हा चेहरा, ही साखर... यात स्टेरॉइड मिसळलेलं असावं. उद्याच मोठ्या दवाखान्यात दाखवा. आणि एक करा, ही गोळी मनाने एकदम थांबवू नका."

मला काय वाटलं असेल? एका व्यापाऱ्याने दुसऱ्याच्या मालाला खोट काढली, एवढंच. मी दवाखान्यात गेलो नाही. गोळ्या सुरू ठेवल्या.

आठ दिवसांत बाटली संपली. विलास नवी आणायला गेला तर मंगल कार्यालयात लग्नाचा मांडव होता. शिबिरवाल्यांचा फोन बंद. चौथ्या दिवशी सकाळपासून मला ओकाऱ्या सुरू झाल्या, आणि वजनकाट्याजवळ मी उभ्याउभ्या खाली बसलो. शोभाने आणि मालकांनी गाडीत घालून दवाखान्यात नेलं. रक्तदाब इतका उतरला होता की नर्सने यंत्र बदलून पुन्हा मोजला.

तिथल्या डॉक्टरांनी कॉर्टिसॉलची तपासणी केली. ते शरीर स्वतः बनवत असलेलं स्टेरॉइड. माझ्या रक्तात ते नावापुरतं होतं. "स्टेरॉइड वाईट औषध नाही, आम्हीही देतो," ते म्हणाले. "पण बाहेरून भरपूर मिळायला लागलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. मग बाहेरचं अचानक बंद झालं की असं होतं. उशीर झाला असता तर जीव गेला असता." ती गोळी तपासायला एकही उरली नव्हती, त्यामुळे आत काय होतं याचा कागद माझ्याजवळ नाही. त्यांनी मोजून स्टेरॉइड दिलं आणि पुढे दोन महिने थोडं थोडं कमी केलं.

पाच दिवस त्या खाटेवर पडून मी एकच गोष्ट उगाळत होतो. गाडीवर वरवर कोरडा, पांढरा कापूस असतो, आणि मी कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय कधी भाव सांगितला नाही. सुया मोजल्या, पाकिटं फोडायला लावली, बाईंना खोटं बोलून पाहिलं. आणि ज्या मालाने तीन दिवसांत गुण दिला, तो वरचा थर पाहूनच उतरवून घेतला. लाज वाटली. विलास येऊन पायाशी बसला, रडला. मी त्याला म्हटलं, "तुहा काही दोष नाई. पारखी मी हाय."

दुखणं परत आलं. मी बाईंकडे गेलो. मला वाटलं होतं, त्या रागावतील. त्यांनी फक्त पाकीट माझ्या डोळ्यांसमोर धरून फोडलं आणि सुया टोचताना मोठ्याने मोजल्या. मानेतलीसुद्धा मोजली.

सुया, मानेचे व्यायाम, दवाखान्याच्या गोळ्या, असं आता सगळं नेमाने सुरू केलं. दुखणं हळूहळू तीनवर आलं. ते सुयांनी आलं का? मी बाईंना विचारलं. "काही सुयांनी, काही व्यायामाने, आणि काही नुसत्या दिवसांनी. किती कशाचं, ते मला नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. हे लिहिताना मलाही नाही येत.

तुमच्यापैकी कोणाला असं दुखणं लागलं तर सुया घ्या किंवा घेऊ नका, ते मी सांगणार नाही. पण बाटलीवरची अक्षरं वाचता येत नसतील, देणाऱ्याचा पत्ता नसेल आणि गुण फार झपाट्याने येत असेल, तर तिथे थांबा. आपल्या डॉक्टरांना बाटली दाखवा. आणि घेत असाल तर त्यांना न विचारता एकदम बंदही करू नका.

शेवटच्या खेपेला फरदडीचा, म्हणजे हंगाम उलटल्यावर त्याच झाडांना पुन्हा येणारा, कापूस संपत आला होता. बाईंनी सुया काढल्या, मला डोळे मिटायला सांगितले आणि माझ्या उजव्या चिमटीत काहीतरी ठेवलं. मऊ होतं. मी सवयीने दोन्ही हातांत धरून ओढलं. पुन्हा ओढलं.

"बाई," मी डोळे मिटूनच म्हणालो, "हा कापूस तुम्हाला कोणी दिला? धागा फार आखूड हाय याचा."

शोभाचा हुंदका ऐकला तेव्हा मी डोळे उघडले. माझ्या दोन्ही हातांच्या अंगठ्यात आणि तर्जनीत, सुया काढल्यावर लावायच्या बोळ्याचे दोन तुकडे होते.