डांबराच्या गोळ्या आणि पाच नोटा

निजामाचं चलन, हाली सिक्का, बंद झालं तेव्हा लोकांनी त्याच्या नोटा खजिन्यात नेऊन बदलून घेतल्या. माझ्या वडिलांनी त्यातल्या काही ठेवून घेतल्या. वालूरच्या शाळेत ते निजामी अमलापासून मास्तर. शिकवणं उर्दूतून, आणि मुलं घरी मराठी बोलणारी. मुलं अडली की ते खिशातून नोट काढायचे. तिच्यावर उर्दूशेजारी मराठी अक्षरंही असत. मुलं आधी ओळखीची ओळ वाचायची, मग तोच मजकूर उर्दूत शोधायची.

घरी एका नोटेला वाळवी लागली, तेव्हा उरलेल्या पाच घेऊन ते पाथरीला माझ्या सासरी आले. "तुझ्याकडं लोखंडी पेटी हाय. घडी घालू नको, ओल लागू देऊ नको," एवढंच म्हणाले.

मला त्यांची शाबासकी हवी होती. परभणीच्या बाजारात प्लॅस्टिकची पारदर्शक पाकिटं नवीनच आली होती. पाच मागवली. एकेकात एकेक नोट सरकवली. तसबिरीसारख्या दिसायला लागल्या. वर कसर लागू नये म्हणून मूठभर डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि पेटी पत्र्याच्या खोलीत ठेवून दिली.

वैशाखात निरोप आला, शुक्रवारी दुपारच्या मोटारीनं येतोय, नोटा बघायच्यात. शुक्रवारी जेवणं झाल्यावर मी पेटी उघडली. उग्र वास आला. पाकिटं एकमेकांना चिकटली होती. प्लॅस्टिक पाकासारखं मऊ झालं होतं, बोटाचा ठसा उमटत होता. एक कोपरा उचलून पाहिला तर नोटेची शाई प्लॅस्टिकबरोबर वर यायला लागली. मी हात मागं घेतला.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

"किल्ली हरवली म्हण," त्या हळूच म्हणाल्या. "म्होरल्या खेपेला बघतील."

"म्होरल्या खेपेला काय ऱ्हाईल, आत्याबाई?"

त्या आत आल्या. मग पाकीट चिमटीत धरून म्हणाल्या, "उन्हानं मऊ पडलंय. गार करून बघ."

आम्ही पाकिटं कोरड्या फडक्यात गुंडाळून, माठाखालच्या गार वाळूवर ताटली ठेवून तिच्यात ठेवली. थांबणं जिवावर आलं होतं. मोटारीची वेळ जवळ येत होती. घटकाभरानं प्लॅस्टिक जरा ताठ झालं. मी ब्लेडनं कडा कापल्या. आत्याबाईंनी पाकीट दाबून धरलं आणि मी रेशमाचा दोरा नोट आणि प्लॅस्टिकच्या मधून तसूतसूनं ओढत नेला. पहिली सुटली. दुसरी सुटली. चौथी सुटली तेव्हा बाहेर चपला वाजल्या.

पाचवी माझ्या हातात अर्धी सुटलेली होती. घाई झाली, दोरा वाकडा गेला. उर्दूच्या दोन ओळी उलट्या होऊन प्लॅस्टिकवर राहिल्या. नोटेवर तिथं नुसता पांढरा पट्टा.

वडील आत आले. पुढ्यातलं सगळं त्यांनी पाहिलं. मी उठलेही नाही. "आबा, माझ्याच्यानं खराब झाली," मी म्हणाले. "मी प्लॅस्टिक घातलं. वर डांबराच्या गोळ्या टाकल्या."

ते खाली बसले. पाचवी नोट तळहातावर घेतली, उजेडाकडं धरली. पाणीसुद्धा घेतलं नाही. त्यांचा जबडा हलत होता. वर्गात ते चिडले की असाच हलायचा.

"कळलं कधी?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच. जेवणं झाल्यावर."

"म्हंजे मधी एकदा बी उघडून बघितलं न्हाईस."

रडू आलं, पण त्यांच्यासमोर मी रडले नाही.

त्यांनी कोरी वही मागितली. पानं फाडून माझ्याकडून लिफाफे करून घेतले. दोन वाकडे झाले, ते फेकून पुन्हा करायला लावले. गोळ्यांच्या वाफेनंच प्लॅस्टिक पाघळलं म्हणत त्या सगळ्या बाहेर टाकायला लावल्या. नोटा मात्र परत नेल्या नाहीत.

"महिन्याला पेटी उघडायची," जाताना म्हणाले, "आन् काय दिसलं ते मला कार्डावर लिहायचं. लपवायचं न्हाई."

पुढच्या महिन्यात मी पहिलं कार्ड लिहायला बसले, तर पाचवीपाशी दोनदा हात थांबला. शेवटी एवढंच लिहिलं, चार चांगल्या आहेत, एक आहे तशीच आहे.