बुडणाऱ्याला बांबू

मी बुडत होतो. म्हणजे बुडायचं सोंग करत होतो. हात वर, तोंड उघडं, डोकं पाण्याखाली, परत वर. साहेबाचा हुकूमच तसा होता. काठावर नऊ जण चड्ड्या घालून उभे. एकेकाने उडी मारायची, मागून येऊन माझ्या काखेत हात घालायचा आणि मला ओढत काठाला आणायचं.

पहिला होता जामखेडकडचा गडी. मोठ्या जमीनवाल्या घरातला, अंगाने दणकट. तो पुढे आला. पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग वाकून बांबू उचलला आणि त्याचं टोक माझ्या छातीला लावलं.

"धर," म्हणाला. "आन् लांबच ऱ्हा."

ढोर खड्ड्यात पडलं तरी माणूस त्याच्या शिंगाला हात घालतो. मला बांबू.

लढाईचे दिवस होते. नगरच्या छावणीत रोज नवे रंगरूट यायचे. त्यांना पोहता आलं पाहिजे असं वर कुणीतरी ठरवलं, म्हणून आधी त्यांना शिकवणारे तयार करायचे होते. मी छावणीतल्या पोहण्याच्या हौदाचा झाडूवाला. शेवाळ खरवडायचं, पाचोळा काढायचा. एकदा तळाची मोरी तुंबली. मी चार बुड्या मारून गाळ काढला. गोरा साहेब काठावरून बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या कारकुनाने मला बोलावलं.

"या नऊ जणांना तू तयार करायचं आहेस. तयार झाले, तर साहेब तुला पक्का उस्ताद करणार आहेत."

उस्ताद! मी महाराचा पोर. त्या रात्री मला झोप आली नाही, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

पोहणं मी बापाकडून शिकलो, प्रवरेच्या डोहात. गावच्या विहिरीवर आमची सावली चालायची नाही. पण कुणी तिच्यात बुडून मेलं की पाटलाचा माणूस धावत महारवाड्यात यायचा. मग बापाने कमरेला दोर बांधून उतरायचं आणि प्रेत वर काढायचं. त्या एका दिवशी आमच्या अंगाने विहीर बाटत नसे. बापाबरोबर मीही दोनदा उतरलो. बुडालेल्याला मागून कसं धरायचं, हे मला दहाव्या वर्षी येत होतं.

साहेब इंग्रजी बोलायचा. नऊ जणांत चौघे मद्रासकडचे, तिघे पंजाबी, दोघे आपल्या मुलखातले. मला मराठीपलीकडे काही येत नव्हतं. कारकून दुभाषी होता, पण साहेब नसला की तो झाडाची सावली सोडायचा नाही. मग मीच खुणा बसवल्या. बाकावर पालथा पडून पाय मारून दाखवायचो. डोक्यावर टिचकी मारली की मान खाली. गाल फुगवून फुंकर मारली की श्वास पाण्यात सोड. ही एक खूण गळी उतरवायला मला आठ दिवस लागले. मद्रासी गडी माझे फुगलेले गाल बघून पोट धरून हसायचे. हसू दे म्हटलं. महिन्याभरात नऊच्या नऊ जण पाणी कापायला लागले.

मी मात्र पाण्यात उतरायचं नाही, हा कारकुनाचा नियम. "काठावरून शिकव, बांबू घे," म्हणाला. साहेबाला वाटलं, हीच इथली रीत असेल. मीही मान डोलावली. उस्ताद व्हायचं होतं ना! तेव्हा मान डोलावली, त्याची लाज मात्र आजही वाटते.

पण बुडणाऱ्याला वाचवायचं कसं, हे बाकावर पडून दाखवता येत नाही. साहेबाने मला पाण्यात जायला सांगितलं आणि कारकुनाचा नियम मोडला.

मी बांबू धरला नाही. तसाच पाणी तुडवत राहिलो. जामखेडचा गडी मागे वळला. एक जण सोडला तर बाकीच्यांची भाषा त्याला येत नव्हती, त्याची त्यांना येत नव्हती. त्याने नुसतं कोपऱ्यातल्या माझ्या झाडूकडे बोट केलं. मग माझ्याकडे केलं. आणि ते बोट चड्डीला पुसलं. एक पंजाबी पाण्यात पाय सोडून बसला होता, त्याने पाय वर घेतले. सगळे दोन पावलं मागे सरले.

श्वास सोड, एवढं सांगायला मला आठ दिवस लागले होते. याला जात सांगायला एक बोट पुरलं.

साहेब ओरडायला लागला. कारकून त्याच्याजवळ गेला, हळूच काहीतरी बोलला. साहेबाने माझ्या दंडाकडे निरखून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि मला बाहेर निघायची खूण करून निघून गेला. मग कारकुनाने हौद रिकामा करायला लावला. तो घासलाही मीच. चुना आणि वीट घेऊन, चारी भिंती. घासून झाल्यावर म्हणाला, "आता दवाखान्यात जा. साहेबांचा हुकूम आहे."

दवाखान्यात डॉक्टरने मला उघडा केला. पाठ बघितली, काखा बघितल्या, बोटांच्या बेचक्या ताणून बघितल्या. मग एक चिठ्ठी लिहिली. तिथला कंपाउंडर आमच्यातलाच, आज्याच्या वेळी ख्रिस्ती झालेल्या घरातला. त्याने चिठ्ठी वाचली.

"तुला काय बी झालेलं न्हाई, लेका. कारकुनानं साहेबाला सांगितलंया, ह्याला खरूज हाय. डाक्टरनं लिवलंय, अंग साफ हाय."

मी चिठ्ठीची घडी घालून मुठीत धरली. महार म्हणून हाकललं असतं तर त्याची सवय होती. पण माझं धडधाकट अंग त्याने रोगी करून टाकलं. माझ्यादेखत, मला न कळणाऱ्या भाषेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हौदावर गेलो. कारकुनाने चिठ्ठीसाठी हात पुढे केला. मी दिली नाही. सरळ साहेबाच्या हातात ठेवली. मग ज्या खुणांनी नऊ जणांना शिकवलं, त्याच तऱ्हेने साहेबालाही सांगितलं. दंड दाखवले, बेचक्या दाखवल्या. बांबू दाखवला. जामखेडच्या गड्याचं बोट करून दाखवलं, चड्डीला पुसण्यासकट.

साहेब काही खुळा नव्हता. त्याने कारकुनाला एक प्रश्न विचारला. कारकून एकच शब्द बोलला, आणि तो मलाही कळला. "कास्ट."

साहेबाने मान हलवली. मनगटावरचं घड्याळ बघितलं. मग बराच वेळ काहीतरी बोलला.

"साहेब तुमच्या आपसातल्या गोष्टींत पडत नाहीत," कारकून म्हणाला. "तू बाकावरून शिकव. पाण्यातलं आता हा शिकवेल." हा म्हणजे जामखेडचा गडी.

"आन् उस्ताद कोन?"

"ते नंतर बघू."

म्हणजे साहेबाला सगळं कळलं, आणि कळूनही त्याने तेच केलं. त्या क्षणी माझ्या मनातला साहेब मेला. मी बांबू उचलला. सगळ्यांना वाटलं, लागला कामाला. मी तो हौदाच्या मधोमध फेकून दिला.

"ज्याला मला धरता येत न्हाई, त्याला मी शिकवनार न्हाई. सांगा साहेबाला."

"माज आलाय ह्याला," जामखेडचा गडी म्हणाला.

"व्हय. आलाय."

झाडू तिथेच टाकला आणि गावाची वाट धरली.

त्याच उन्हाळ्यात पाटलाचा माणूस धावत महारवाड्यात आला. गावच्या विहिरीत प्रेत तरंगत होतं. बाप लगेच उठला, दोर घेतला. मी त्याचा हात धरला.

"बा, बस खाली." मग त्या माणसाला म्हणालो, "आदी पाटलानं कबूल करावं, आमच्या बाया बी त्या हिरीचं पानी भरत्याल. मग मी उतरतो."

"आरं, प्रेत कुजंल! गावानं प्यायचं काय?"

"आमी पितो ते. नदीचं."

बाप दोर सोडेना. रागाने की भीतीने, कोण जाणे. मी दोर त्याच्या हातातून काढून घेतला, बुडाखाली घेतला आणि दारात बसलो. त्या दिवसापासून आमच्या घरातलं कुणी त्या विहिरीत प्रेतासाठी उतरलं नाही. आमच्या जित्या माणसांसाठी ती उघडत नाही, तोवर उतरणारही नाही.