बटईची बकरी

आमच्या गडचिरोलीच्या घरमालकांना उद्या कोणी देशाचं अर्थमंत्री केलं, तर अर्थसंकल्पाच्या दिवशी ते हातात बॅग घेऊन येणार नाहीत, बकरी घेऊन येतील. तिला सभागृहाच्या मधोमध बांधतील, विरोधकांच्या हातातले कागद तिच्यापुढे टाकतील आणि पुढच्या अधिवेशनात तिची दोन पिल्लं वर उचलून दाखवत म्हणतील, "हे पाहा, विकास." पैशाविषयी असा एकही प्रश्न या पृथ्वीवर निघालेला नाही, ज्याचं उत्तर आमच्या घरमालकांनी बकरीनं दिलं नाही.

मी तेव्हा तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवायचो. म्हणजे गुंतवणूक, जोखीम, परतावा हे शब्द मी पगार घेऊन उच्चारायचो. वरच्या मजल्यावर माझी खोली आणि खाली घरमालकांचं गादी-रजईचं दुकान. सगळं गाव त्यांना चाचा म्हणे. कापूस पिंजायचं यंत्र सुरू झालं की माझी खोली अशी थरथरायची, की चहाचा कप आपोआप टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जायचा; मी फक्त वाटेत तोंड लावायचो. चाचांच्या दाढीत कायम इतका कापूस असे, की दाढी कुठं संपते आणि माल कुठं सुरू होतो हे चाचीलाही सांगता आलं नसतं.

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही.

"सर, कॉलेजात काय शिकवता?"

"गुंतवणूक."

"अस्सं? मंग किती बकऱ्या हायेत तुमच्या?"

"एकही नाही."

ज्यानं कधी पाण्यात पाय घातला नाही अशा पोहण्याच्या मास्तराकडे बघावं, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि भाडं थोडं कमी केलं. दया आली असावी.

चाचांचा सगळा पैसा बटईच्या बकऱ्यांत असे. बटई म्हणजे बकरी एकाची, राखण दुसऱ्याची आणि होतील ती पिल्लं अर्धी अर्धी. व्याज ते घेत नसत. "ब्याजाचा पैसा झोपून वाढते, सर," ते म्हणत, "बटईचा पैसा रानात चरून येते. त्याच्या पायाले काटा लागते, त्याले ताप येते. म्हून त्याची इज्जत वाटते." भागभांडवल आणि कर्ज यांतला फरक मी वर्गात तीन तास फळा पुसून पुसून शिकवायचो. चाचा तोच उशीत कापूस भरता भरता सांगून मोकळे होत, आणि वर उशीही विकत.

जोखीम वाटून टाकण्याचं तर त्यांना व्यसन होतं. एक बकरी धानोऱ्याकडे, एक चामोर्शीकडे, एक आलापल्लीच्या सागवानात, एक अशा गावात की जिथं एसटीसुद्धा वाट विचारत जाते. एका गावात रोग आला तरी दुसऱ्या गावची बकरी निवांत पाला खात असली पाहिजे, हा त्यांचा सिद्धांत. इथवर ठीक होतं. पण हा सिद्धांत त्यांनी घरालाही लावला. चष्मे तीन घरी ठेवलेले, त्यामुळे ज्या घरी ते असत त्या घरी चष्मा नसे. मार्कंड्याच्या जत्रेत उशांचं दुकान लावायचं ठरलं, तर सगळा माल एका गाडीत घालतील ते चाचा कसले! उशा एका टेम्पोत, मांडवाचे बांबू दुसऱ्यात आणि चाची तिसऱ्या गाडीत. उशा मार्कंड्याला पोचल्या. चाची पोचली. बांबू मात्र चुकीच्या टेम्पोत बसून अहेरी बघून आले. चाची दिवसभर उन्हात उशांच्या ढिगावर एखाद्या राणीसारखी बसली होती, आणि लोक दर्शन घेऊन परतताना तिलाही हात जोडत होते. संध्याकाळी घाम पुसत चाचा पोचले तेव्हा ती म्हणाली, "घरात बायको हाय हे ध्यानात तरी हाय का? नाई तं एखाद्या दिवशी मलेबी बटईनं देऊन टाकाल."

"तुले कोन घेईन?" चाचा म्हणाले. "चारा लय लागते."

त्या रात्रीचा चारा त्यांना स्वतः शिजवावा लागला, असं ऐकतो.

एकदा मी हौसेनं त्यांना आमच्या वर्गात बोलावलं. विषय होता चक्रवाढ. मी रात्र जागून मोठा तक्ता काढला होता. मुद्दल, दर, वर्षं, सगळं रंगीत. चाचा आले ते बकरी घेऊनच. "हे झाली माय," त्यांनी पोरांना सांगितलं, "हिची पोरगी, पोरगीची पोरगी. पहिल्या दोन सालात काहीच दिसत नाई. लोक हासतात. बायको तं आधीपासूनच हासते. मंग एक दिवस कोठ्यात पाय ठेवाले जागा भेटत नाई. पन त्यासाठी काय कराव लागते? पिल्लू कापून खाचं नाई!" टाळ्या पडत होत्या तेवढ्यात बकरीनं माझ्या तक्त्याचा खालचा कोपरा ओढला. मी धावेपर्यंत तिनं मुद्दल खाल्लं होतं आणि दराला तोंड लावलं होतं. एका पोरीनं विचारलं, "चाचा, बकरी रोज मोजाव का? भाव रोज पाहाव का?" चाचांनी कानाला हात लावले. "रोज उचलून वजन करसीन तं बकरी भेवानंच सुकून जाईन, बाई. तिले चरू दे. तूबी जेव." त्या वर्षी चक्रवाढीचा प्रश्न एकाही पोराचा चुकला नाही. फक्त निम्म्या उत्तरपत्रिकांत सूत्राच्या शेजारी बकरीचं चित्र होतं.

पण चाचा काही देवदूत नव्हते. मध्ये इमूचं वारं आलं होतं, तेव्हा तेही वाहून गेले. कोणीतरी सांगितलं, उंच पक्षी आहे, अंडं हिरवं देतो, तेल सोन्याच्या भावानं जातं. चाचांनी जोडी आणली आणि दुकानामागं ठेवली. पहिल्या आठवड्यात त्या पक्ष्यांनी पोस्टमनला पार कोर्टापर्यंत पळवलं. दुसऱ्या आठवड्यात दोन गाद्या फाडून त्यांत बैठक मारली. तिसऱ्या आठवड्यात कुंपण ओलांडून गेले ते गेलेच. पुढं महिनाभर आलापल्लीच्या जंगलातून बातम्या येत होत्या, की सागवानात लांब मानेचं भूत फिरतंय आणि माणूस दिसला की स्वतःच घाबरून पळतंय. चाचा दुकानात मान खाली घालून सुई चालवत. "जे आपल्याले समजत नाई, सर," ते शेवटी म्हणाले, "त्यात पैसा टाकाचा नाई. अन् ज्याची टांग आपल्याहून लंबी हाय, त्यात तं बिल्कुलच नाई."

चाचांच्या सगळ्या बटईदारांत पहिली आणि जुनी म्हणजे सुनकीबाई. धानोऱ्याच्या पुढं जंगलातल्या एका गोंड वस्तीत ती राही. उशांसाठी सावरीचा कापूस घ्यायला चाचा तिकडं जात, तिथली ही ओळख. त्यांनी आयुष्यातली पहिली बकरी तिलाच दिली होती आणि चाचांचा सगळा कळप, बघायला गेलं तर, तिच्याच कोठ्यातून, म्हणजे गोठ्यातून, निघाला होता.

एका सकाळी तिचा फोन आला. चाचांनी फोन कानाला लावला आणि पिंजायचं यंत्र बंद केलं. यंत्र दुपारच्या आत बंद झालेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"बिबट आला," ते म्हणाले. "कोठ्यात शिरला. अर्ध्याहून जास्त बकऱ्या गेल्या."

"नुकसान मोठं झालं की!"

"नुकसान मरो ना, सर. बाई म्हनते, उरल्या त्या घेऊन जा, आता बटई बंद. शरम वाटून राह्यली तिले." त्यांनी टोपी घातली, ती उलटी. "बकऱ्या मेल्या तं बकऱ्या भेटतीन. अशी बाई मले कुठी भेटीन? चला, तुमी शिकेल हाय, तिले समजवा."

आम्ही स्कूटरवर निघालो. एरवी वाटेतल्या प्रत्येक बकरीची वंशावळ सांगणारा माणूस, त्या दिवशी एकाही बकरीकडं न बघता स्कूटर दामटत होता.

सुनकीबाईनं अंगणात जोहार केला, पाण्याचा लोटा दिला. वाचलेल्या चार बकऱ्या नव्या दोरीनं बांधून तयार ठेवल्या होत्या. पलीकडं कोठ्याच्या बांबूच्या भिंतीला, कुडाला, हे एवढं भगदाड होतं.

"घ्या भाऊ. चारही तुमच्या."

"चारही कशा? बटई अर्धी असते."

"पिल्लाची अर्धी असते. मरनाची नसते. राखन माही होती."

"अवो बाई, बिबट्यानं का आधार कार्ड पाहून खाल्ल्या? आयक. मेल्या त्या माह्या. जगल्या त्या तुह्या. झाला हिसाब."

"तुमच्या काऊन? मेल्या त्या माह्या. जगल्या त्या तुमच्या."

"फाटक्या कानाची कोनाची होती?"

"माही!"

"माही होती ते! अन् काळी?"

"काळीबी माहीच! घरच्यासारखी होती मले."

"मले नव्हती का?"

मंडळी, मी बाजार बरेच बघितले आहेत. धानोऱ्याचा आठवडी बाजार बघितला, मुंबईचा शेअर बाजार टीव्हीवर बघितला. नफ्यावरून माणसं एकमेकांच्या गळ्याला लागताना बघितली. पण मेलेल्या बकऱ्या माझ्याच, म्हणून दोन माणसं अंगणात पाय आपटून भांडताना मी त्या एका दिवशीच बघितली. आवाज ऐकून अर्धं गाव गोळा झालं. चाचा माझ्याकडं वळले. "सर, तुमी सांगा. नुकसान झालं तं कोनाचं, पुस्तकात काय लिवलं हाय?"

"पुस्तकात," मी खरं तेच सांगितलं, "ते दुसऱ्यावर कसं ढकलायचं, एवढंच लिहिलंय."

"मंग तुमी चूप बसा."

मोहाच्या झाडाखाली बसलेली सुनकीबाईची म्हातारी सासू तोंडाचं बोळकं हलवत म्हणाली, "जित्या होत्या तवा चाराले कोनी न्यावं म्हून रोज कटकट. मेल्या तं दोघंबी मालक झाले! भांडन बंद करा अन् तो कूड बुजवा आधी. बिबट आज पुन्ना येईन."

चाचांनी कुडाकडं बघितलं. मग एकदम उसळले.

"हा कूड कोनाचा, बाई?"

"माहा. माह्या घराचा."

"कोनी बांधला?"

"मीच."

"अन् बकऱ्या अर्ध्या माह्या?"

"हो."

"मंग इतके साल माह्या अर्ध्या बकऱ्या तुह्या घरी फुकट राहून राह्यल्या!" चाचांनी कपाळावर हात मारला. "मी घरमालक हाय, बाई! मी माह्या भाडेकऱ्याले एक दिवस फुकट राहू देत नाई, इचार या सरले. तुह्या कोठ्याचं भाडं मी एक दिवस नाई देल्लं. अर्धा कूड मीच बांधाले पायजे होता. मंग चूक कोनाची? सांग आता!"

गर्दीतून कोणीतरी फिसकन हसलं. सुनकीबाईनंही पदर तोंडाला लावला, आणि सकाळपासून ताठ असलेले तिचे खांदे खाली आले.

"मंग बांधा," ती म्हणाली. "अर्धा तुमी, अर्धा मी. अन् बकऱ्या दोन दोन."

तिनं आपला अर्धा दोन तासांत बांधला, असा की हत्तीनंही टक्कर दिली तर हत्तीलाच माफी मागावी लागली असती. चाचांना बांबू बांधायचा कुठून येणार! त्यांनी स्कूटरच्या डिकीतून गादीची लांब सुई आणि सुतळी काढली आणि आपला अर्धा कूड चक्क गादीसारखा टाचून काढला, चार चार बोटांवर टाके, मध्ये गोंडेसुद्धा. सुनकीबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "इकडून बिबट आला तं खानार नाई, भाऊ. निजून जाईन." त्यावर सगळ्यांत मोठ्यानं चाचाच हसले. निघताना त्यांनी आपल्या वाट्याच्या दोन बकऱ्या सोडल्या नाहीत की स्कूटरला बांधल्या नाहीत. तिच्याच कोठ्यात ठेवल्या आणि म्हणाले, "येतो बाई. पिल्लं झाली तं फोन कर."

पुढं माझी बदली चंद्रपूरला झाली. इथं माझे घरमालक बँकेत आहेत. भाडं तारखेला मागतात आणि बाकी काही विचारत नाहीत. मी आता मोबाइलवर गुंतवणूक करतो. सगळं वाटून, शिस्तीत, वर्गात शिकवतो तसं. परवा बाजार जोरात आपटला. सकाळपासून पडद्यावर सगळं लाल होतं, बायकोला सांगायची सोय नव्हती, आणि स्टाफरूममध्ये ज्याचं गेलंय तो बोलत नव्हता. संध्याकाळी सहज चाचांना फोन लावला. मागं यंत्र घरघरत होतं. शेअर, निर्देशांक वगैरे मी थोडं समजावून सांगायला लागलो, तसे ते मध्येच म्हणाले, "ते जाऊ द्या सर. किती मेल्या ते सांगा."

मी सांगितलं.

यंत्र बंद झालं.

"लय झाल्या," चाचा हळूच म्हणाले. "त्यातल्या अर्ध्या माह्या समजा."