संत्र्यांचा रहाट

सहदेव तायडेला वास सोसत नसत. सरसाचा, तेलरंगाचा चालायचा. सडक्या फळाचा आला की तो वाट बदलायचा. आणि साठ सालच्या हिवाळ्यात, अमरावतीच्या शेतकी प्रदर्शनात, त्याच्या वाट्याला नेमकं संत्र्यांचंच दुकान आलं.

दुकान शेंदूरजनाघाटच्या केशवरावांचं, संत्र्यांच्या बड्या व्यापाऱ्याचं. तोवर सहदेव दंडारीच्या खेळांचे पडदे रंगवी, प्रदर्शनांतल्या कमानी उभारी. कमानीवर नाव कायम मालकाचं. यंदा त्यानं आधीच अट घातली.

"केशवभाऊ, असा देखावा करतो का गर्दी हटनार नाही. पन खाली माहं नाव पायजे. पुरं."

"लिही ना बाप्पा. तुह्या नावानं संत्रं का आंबट होते?"

सहदेवनं रहाट केला. लाकडी चाकाला लाकडाचाच रंग दिलेले टिनाचे डबे, डब्यांत पाण्याऐवजी संत्री. दांडा फिरवला की डबे वर जाऊन उलटत आणि केशरी धार गडगडत पन्हाळीत उतरे. खाली तेलरंगात ठळक अक्षरं: 'सजावट – सहदेव पुंजाराम तायडे.'

लोक हटेनात. रहाट पाहायचे आणि शेजारच्या बंद पेट्या उचलायचे. सहदेव मात्र येता-जाता आपलंच नाव वाचायचा.

दुसऱ्या दिवशी त्याची आत्या सुंदराबाई पेटी डोक्यावर घेऊन आली. तिनं ती त्याच्या पायाशी आदळली.

"उघड."

"काय झालं, आत्या?"

"माह्या ललितासाठी काल इथूनच नेली व्हती. पोरगी दवाखान्यात पडली हाये, तोंडाले चव नाही तिच्या. उघड म्हनते ना."

वरचा थर झकास. त्याखाली हिरवी बुरशी, फुटक्या सालींचा लगदा, लगद्यात वळवळणाऱ्या अळ्या. सहदेवची बोटं आत रुतली. आंबूस भपका नाकात शिरला तसा त्यानं तोंडावर उपरणं दाबलं.

"मले कुठं वाचता येते?" आत्या म्हणाली. "एका मास्तराले इचारलं, रहाटाखाली कोनाचं नाव हाये. तुहं निघालं. म्हनलं, आपल्या पोराचं हाये, अन् डोळे मिटून पेटी घेतली."

केशवराव गादीवर लवंग चघळत बसले होते.

"भाऊ, खाली झाडाखालची सडकी गळ भरली तुमी?"

"सारेच भरतेत. लोक वरतंच पायतेत. तू बी तं टिनाले लाकडाचा रंग देल्ला. मी बोललो काही?"

सहदेवनं बरबटलेली बोटं उपरण्याला पुसली. त्याला स्वतःच्याच हाताची किळस आली.

"बुढीले चांगली पेटी दे अन् गप बस."

त्यानं चांगली पेटी फोडून तळापर्यंत तपासली, आत्याच्या डोक्यावर दिली. मग सडकी पेटी रहाटाशी ओढली, ओंजळी भरभरून तो लगदा डब्यांत घातला आणि दांडा धरला. डबे वर गेले, उलटले. हिरवा-काळा चिखल थबथबत पन्हाळीत पडला. पुढच्या रांगेतल्या बायांनी नाकाला पदर लावले. एकानं नुकतीच घेतलेली पेटी तिथंच उघडायला घेतली.

"थांबव, येड्या," केशवराव धावत आले. "खाली तुहं नाव हाये. लोक तुह्याच तोंडावर थुकतीन."

"नाव हाये म्हनूनच फिरवून राहिलो."

"मंग ते नावच पुसून टाकतो," म्हणत केशवरावांनी खांद्यावरचा पंचा ओढला आणि नाव पुसायला वाकले. तेलरंग वाळून कडक झाला होता. ते घासत राहिले, आणि वरून रहाटाचा सडका रस त्यांच्या टोपीवर ठिबकत राहिला.