कुमुदताईंच्या पराती

अख्ख्या इंदूरमध्ये माझ्यासारखी शेव कोणी पाडत नाही. आता गप्पांच्या नादात माझा घाणा करपतो म्हणून दुकानाच्या मालकांनी मला कढईवरून उठवून पुड्या बांधायला बसवलंय, ती बात अलग.

पण सांगायचंय कुमुदताईंबद्दल. राजेंद्र नगरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर. शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. गाडी कधी घेतलीच नाही, म्हणून गॅरेज रिकामं. तिथे सकाळी कॉलनीतली छोटी छोटी पोरं यायची. मी पहिल्यांदा डोकावलो तेव्हा ताई खाली फतकल मारून बसलेल्या, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत भिजलेल्या साबुदाण्यात. मला वाटलं उपास आहे. म्हटलं, "ताई, खिचडी कितीक वेळात?"

वर न बघता म्हणाल्या, "खिचडी नाही, शाळा आहे. चपला बाहेर काढा."

शाळा म्हणजे काय, तर पराती. एकीत राई, एकीत हळदीनं पिवळे नि बीटनं गुलाबी केलेले तांदूळ, एकीत गव्हाचा कोंडा. दोरीला चिमटे लावून तुकडे टांगलेले: मखमल, गोणपाट, भांडी घासायची जाळी, ताईंच्या जुन्या रेशमी साडीचा काठ. पोरं ओतायची, चोळायची, वास घ्यायची. कोणी बाजारातलं बॅटरीचं खेळणं आणलं की ताई नाक मुरडायच्या. "हे बटण दाबलं की रोज तेच गाणं म्हणतं. कोंडा रोज निराळं काही सांगतो." मी कोंड्याला कान लावून पाहिला. कानात गेला, बस.

मी तिथे गेलो माझ्या नातीपायी. पिहू तीन वर्षांची. ओलं, चिकट काही हाताला लागलं की किंचाळायची. मुठी सदा बंद. भात, वरण, केळं, काही नाही, फक्त कोरडे टोस्ट. वजन वाढत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर मुश्किल आहे. मुलगा पीथमपूरला कंपनीत, सून रेखा एका दुकानात कामाला, माझ्या पुड्या दुपारनंतर, म्हणून दुपारपर्यंत पोरगी माझ्याकडे. एका घासासाठी मी माकड झालो, अस्वल झालो, ठुमके लावले. ती तोंड मिटून सगळा खेळ बघायची. रेखा स्वयंपाकघरात पाठ करून डोळे पुसायची.

ताईंचा कायदा अजब होता. जो मोठा माणूस पोराला आणेल, त्यानं परातीशी बसायचं, स्वतः खेळायचं, आणि पोराला एक शब्द बोलायचा नाही. 'बघ' नाही, 'घे' नाही.

"शाबासकी तरी, ताई?"

"ती तर मुळीच नाही. तिचे हात विचार करताहेत. मध्ये बोलू नका."

आता मला गप्प बसवणं म्हणजे सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री गर्दी थांबवणं. तरी बसलो. मी राईत रस्ते काढायचो, पिहू दाराशी मुठी आवळून उभी. खूप दिवस असंच. मग एका सकाळी ती सरकत सरकत आली, एक बोट बाहेर काढलं आणि राईला लावलं.

मी टाळ्या पिटत ओरडलो, "अरे वाह! शाब्बास मेरी शेरनी!"

माझ्या धक्क्यानं परात उलटी. दोन पोरं रडायला लागली. पिहूचं बोट मुठीत, मूठ फ्रॉकमध्ये. त्यानंतर कितीतरी दिवस ती दारातून आतच येईना. त्या दिवशी संध्याकाळी रेखानं विचारलं, "पप्पा, आज काही?" मी म्हटलं, "थोडी राई सांडली."

ताई रागावल्या नाहीत. राई झाडता झाडता म्हणाल्या, "बाळूभाऊ, एवढी हिंमत करून बिचारी परातीपर्यंत आली होती. तुम्ही कानाशी बँड वाजवला."

मग मला आयडिया आली: बेसन! माझी तर जिंदगी त्यात गेली. घरून मस्त गोळा भिजवून नेला. ताईंनी चिमूटभर जिभेवर ठेवला आणि ठसकल्या. सवयीनं माझ्या हातानं तिखट, लवंग, सगळं टाकलेलं. "हे पोरांच्या डोळ्यात जाईल. याची मला चार भजी तळून द्या, नि इथे साधं भिजवा."

साधं भिजवायला बसलो. पाणी, थोडं तेल, मळणं. पिहू दारातून बघत होती. माझ्या तोंडाला खाज सुटली. ताईंना कळलं. म्हणाल्या, "जा, चहा पिऊन या."

कोपऱ्यावर गेलो, चारचौघांना शेवेच्या गोष्टी ऐकवल्या, परत आलो आणि दारातच थांबलो. पिहू परातीशी बसलेली. दोन्ही हात मनगटापर्यंत बेसनात. दाबत होती, बोटांमधून बेसन वर येत होतं, ते बघून पुन्हा दाबत होती. मग तळवा नाकाशी नेला. मग जीभ लावली. ताई आपल्या परातीत कोंडा चाळत होत्या, जसं काही झालंच नाही. मी रुमाल तोंडात कोंबला.

लगेच ताटभर जेवली असं नाही. पण त्याच आठवड्यात तिनं वरणात बोट बुडवलं आणि चाटलं. पुन्हा बुडवलं. रेखानं या खेपेला मला काही विचारलं नाही. हातातली पळी तशीच धरून खाली बसली आणि लेकीकडे बघत राहिली. वरण चुलीवर उतू गेलं, कोणी उठलं नाही.

यंदा ताईंचे गुडघे अगदीच गेले. मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. निघायच्या दिवशी कॉलनी गोळा झाली, पराती पोरांच्या घरी वाटल्या. पिहू आमच्यापुढे केळं खात उभी, कोपरापर्यंत चिकट. ताईंनी तिला जवळ घेतलं, साडी खराब झाली तरी सोडलं नाही.  अशा वेळी मी भाषण करतो. म्हटलं, "ऐका भिया लोक, ताईंची शाळा तर शाळा, पण शेवटी पोरीची मूठ उघडली माझ्या बेसनानं!"

टॅक्सीत बसता बसता ताईंनी काच खाली केली.

"बेसनानं नाही, बाळूभाऊ. तुम्ही चहाला गेला होतात म्हणून."