नाव जड झालेला पेनड्राइव्ह

क्लातेन गावच्या बाजारात माझं प्रिंटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि समोर बू पोनियेम यांचं कॉम्प्युटरचं. बू म्हणजे आमच्याकडे बाई. पन्नाशीची बाई, तोंडाने फटकळ, पण मेलेला कॉम्प्युटर त्यांच्यापुढे ठेवा, उठून बसतो. मी काही कुणाला भिणारा माणूस नव्हे, पण त्यांच्या तोंडाला लागायची माझी टाप नाही.

शनिवारी सकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो, तेवढ्यात डोंगरातल्या शाळेचे मार्गोनो गुरुजी आले. चेहरा पार उतरलेला, काखेत एक कॉम्प्युटर, मुठीत पेनड्राइव्ह.

"बू, सोमवारी पोरांची परीक्षा आहे, कॉम्प्युटरवर. वीस यंत्रांत नवी सिस्टिम घालायचीय आणि एकही घेत नाही. नाही जमलं तर पोरांना ट्रकात कोंबून दुसऱ्या गावी न्यावं लागेल. तीन तासांचा घाट! निम्मी ओकून आडवी होतील."

बूंनी पेनड्राइव्ह लावला. इन्स्टॉलर सुरू झाला, थोडा चालला आणि अडला. म्हणे, पेनड्राइव्ह सापडत नाही!

"अरे मेल्या, तुझ्या नाकातच खुपसलाय की!" मी न राहवून ओरडलो.

"तुम्ही चहा प्या," बू म्हणाल्या. एक कळ दाबून त्यांनी इन्स्टॉलरची सुरुवातीची ओळ उघडली, वाचली. मग पेनड्राइव्हचं नाव पाहिलं. स्लामेत.

"पाक गुरू," बू गुरुजींना म्हणाल्या, "हे बारसं कुणी केलं?"

गुरुजी ओशाळले. "पहिल्या खेपेला वीज गेली आणि सगळं बंद पडलं. पेनड्राइव्हचं नाव बघितलं तर हे एवढं लांब, नुसते आकडे आणि रेघा. म्हटलं, नाव जड झालं असेल. सुखरूप राहावा म्हणून स्लामेत ठेवलं."

मी खो खो हसलो. बू हसल्या नाहीत. आमच्याकडे पोर सारखं आजारी पडलं की नाव जड झालं म्हणतात आणि हलकं ठेवतात. बूंचंच जन्मनाव कुसुमानिंग्रुम. चार वर्षांच्या असताना तापाने फणफणल्या, तेव्हा आईने पोनियेम ठेवलं.

"माझं नाव बदललं तेव्हा आईने लाल-पांढरी खीर करून घरोघर वाटली आणि सगळ्यांना सांगितलं," बू म्हणाल्या. "या इन्स्टॉलरला कुणी सांगितलं? कुठली सिस्टिम, कितवी आवृत्ती, सगळं त्या लांब नावात होतं. तेच नाव त्याच्या चिठ्ठीत, म्हणजे त्या सुरुवातीच्या ओळीत, लिहिलंय. तो बिचारा दारोदार तेच विचारत फिरतोय, आणि हे महाशय स्लामेत होऊन बसलेत!"

त्यांनी एकेक अक्षर बघून जुनं नाव परत लिहिलं. या वेळी इन्स्टॉलर अडला नाही. गुरुजींचे डोळे भरून आले. "मीच पोरांचं वाटोळं करत होतो, बू."

"काही नाही. मायेपोटी केलंत, फक्त सांगायचं राहिलं." बूंनी दुकानाला कुलूप घातलं. "चला, मी येते. तुमच्या एकट्याच्या हाती हा पेनड्राइव्ह देत नाही मी."

रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. "विसावा कॉम्प्युटरही झाला. गुरुजींनी सांगून ठेवलेल्या ट्रकवाल्याला नको म्हणून कळवा."

मागे गुरुजी हसत होते की रडत होते, कळेना. मी मात्र भर बाजारात ओरडलो, "शाब्बास, बू!"