गाठ तपासणारे गृहस्थ

आमच्या सोलापुरात कृत्रिम भिंत चढायची जिम निघाली आहे. तिथं खाली दोर धरून उभं राहायला वळसंगचे एक गृहस्थ असतात. चढणाऱ्याच्या कमरेची गाठ ते तीनदा ओढून बघतात आणि दरवेळी गाठीलाच म्हणतात, "नीट बसलीस की." या दिरंगाईला कंटाळून मी तक्रारवहीत लिहिलं. पुढच्या रविवारी त्यांनी माझी गाठ चार वेळा तपासली.

"तक्रारीचा राग आला का?" मी विचारलं.

"न्हाय की. घाईतल्या मानसाची गाठ एकदा जादा बघावी लागती."

वर पोचता पोचता माझा पाय निसटला. जेमतेम वीतभर खाली येऊन मी दोराला लोंबकळत राहिलो. खालून शांत आवाज आला, "सावकाश चढा सायेब. मला काय बी घाई न्हाय."